माती आणि शिसे

बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून पाहिला, तर अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केलेले दिसतात. तेथील लोकही बोलताना 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' असा भेद करतात. घाटाखाली पूर्णा नदीचे खोरे पसरले आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर ही गावे याच खोऱ्यातील. येथील जमीन काळी, खोल आणि चिकण आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात. कापूस, ज्वारी, तूर आणि अलीकडच्या काळात सोयाबीन, अशी किती तरी पिके या मातीने माणसांच्या पदरात टाकली आहेत.

ही माती एका दिवसात तयार झालेली नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून निघालेला लाव्हारस दख्खनच्या पठारावर पसरला आणि थिजून त्याचा काळा खडक झाला. ऊन, वारा आणि पाऊस यांनी त्या खडकाची कणाकणाने झीज केली, तेव्हा कोठे ही माती निर्माण झाली. बोटभर जाडीचा थर बनण्यास शेकडो वर्षे लागतात. परंतु हा ठेवा बिघडविण्यास मात्र एक दुपारही पुरते. मातीला बिघडविणाऱ्या अनेक पदार्थांपैकी शिसे हा एक पदार्थ असा आहे, की तो एकदा मातीत शिरला म्हणजे आपण होऊन कधीच बाहेर पडत नाही. त्याची ओळख करून घेणे आपल्या हिताचे आहे.

शिसे हा मानवाला फार पूर्वीपासून ठाऊक असलेला धातू आहे. आपल्या जुन्या ग्रंथांत त्याला 'सीस' किंवा 'नाग' म्हटले आहे. प्राचीन रोमन लोकांनी शिशाच्या नळांतून नगरांत पाणी खेळविले. हा धातू दिसण्यात करडा, स्पर्शाला मऊ आणि वजनाला फार जड असतो. तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा त्याचे वजन अकरा पटींहून अधिक भरते. आपण ज्या पेन्सिलीला शिसपेन्सिल म्हणतो, तिच्यात मात्र शिसे मुळीच नसते. तिच्यातील काळी कांडी ग्राफाइटची असते. लोखंड वितळण्यास १,५३८ अंश सेल्सिअस इतकी उष्णता लागते, तर शिसे ३२७ अंशांवरच वितळते. एक लोखंडी कढई आणि लाकडाचा जाळ एवढ्यावर काम भागते. हा गुण सोयीचा खरा. परंतु पुढील अनर्थाचे मूळही याच गुणात आहे.

आज जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी ८५ टक्क्यांहून अधिक शिसे बॅटऱ्यांसाठी खर्च होते. १८५९ साली गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे दाखवून दिले, की शिशाच्या पट्ट्या गंधकाम्लात बुडवून त्यांच्यात वीज साठविता येते आणि हवी तेव्हा परत घेता येते. ट्रॅक्टर, मोटार, एस.टी.ची बस आणि वीज गेली असता घरात दिवा लावणारा इन्व्हर्टर यांना लागणारी नेहमीची बॅटरी अद्यापि याच तत्त्वावर चालते. तिच्या भक्कम पेटीत शिसे बंदिस्त असते. तेथे ते कोणालाही अपाय करीत नाही. जोवर शिसे पेटीत आहे, तोवर ते आपला गुणी सेवक आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

काही वर्षांनी पट्ट्यांवर क्षारांचे कठीण थर बसतात आणि बॅटरी निकामी होते. बॅटरी संपते, पण तिच्यातील शिसे संपत नाही. ते वितळवून त्याची नवी बॅटरी करता येते आणि असे कितीही वेळा करता येते. म्हणूनच जुन्या बॅटरीला भंगाराच्या बाजारात वजनावर चांगला भाव मिळतो. जुनी वस्तू पुन्हा उपयोगात यावी, ही गोष्ट चांगलीच आहे. मात्र येथून पुढे बॅटरीला दोन वाटा फुटतात. एक वाट नोंदणी झालेल्या कारखान्याकडे जाते. तेथे बंद यंत्रात बॅटरी फोडतात, आम्ल निराळे काढून निष्प्रभ करतात, प्लास्टिक धुऊन बाजूला करतात आणि शिसे बंद भट्टीत वितळवितात. भट्टीचा धूर गाळण्यांतून जातो आणि त्यातील शिशाची धूळ तेथेच अडविली जाते. कामगार तोंडावर मुखवटा बांधतात आणि घरी जाण्यापूर्वी अंग धुऊन कपडे बदलतात.

दुसरी वाट एखाद्या परसात किंवा गावाबाहेरच्या उघड्या जागेत जाते. तेथे कुऱ्हाडीने बॅटरी फोडतात. आम्ल जवळच्या मातीत ओतून देतात. त्या आम्लाबरोबर शिशाचा गाळही जमिनीत जातो. मग पट्ट्या कढईत घालून खाली जाळ करतात. शिशाचा धूर वर जातो, थंड होतो आणि अतिशय बारीक धूळ होऊन आसपासच्या घरांवर, झाडांवर आणि अंगणांत बसतो. कढईतील मळ तेथेच फेकून दिला जातो. हे काम करणारा मनुष्य दुष्ट असतो असे नाही. बहुधा तो गरीब असतो आणि आपण कशाशी खेळत आहोत याची त्याला कल्पना नसते. सायंकाळी तो घरी येतो, तेव्हा ती धूळ त्याच्या कपड्यांवर बसून त्याच्या मुलांपर्यंत पोचते.

थोडेसे शिसे सांडल्याने एवढे काय बिघडणार, असे कोणास वाटेल. यासाठी एक साधे गणित करून पाहू. एका मोटारीच्या बॅटरीत ८ किलोग्रॅम शिसे आहे असे धरू. एका किलोग्रॅमात १० लक्ष मिलिग्रॅम असतात. म्हणजे हे शिसे ८० लक्ष मिलिग्रॅम झाले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ साली घरांभोवतालच्या मातीसाठी दर किलोग्रॅमला २०० मिलिग्रॅम शिसे ही सावधगिरीची मर्यादा सुचविली. ८० लक्षांना २०० ने भागा. उत्तर येते ४० हजार किलोग्रॅम, म्हणजे ४० टन माती. ती १० सेंटिमीटर जाडीच्या थराने पसरली, तर जवळजवळ तीन गुंठे जागा व्यापील. बॅटरीतील सगळेच शिसे मातीत जात नाही, हे खरे. परंतु अशा ठिकाणी एक नव्हे, शेकडो बॅटऱ्या फोडल्या जातात.

आता हे शिसे मातीत काय करते ते पाहू. घरातील ओला कचरा मातीत पुरला तर तो कुजून त्याचे खत होते. कागद कुजतो, लाकूड कुजते. परंतु शिसे हे मूलद्रव्य आहे. जंतू त्याला खाऊ शकत नाहीत आणि अग्नी त्याला जाळून टाकू शकत नाही. चिकण मातीचे कण शिशाला घट्ट धरून ठेवतात. विदर्भातील काळ्या मातीत चिकण कण पुष्कळ असतात आणि चुनखडीही असते. त्यामुळे अशा मातीत शिसे सहसा खोल जात नाही. पिकांच्या मुळांनाही ते सहजासहजी मिळत नाही. यात एक लाभ आहे, तसाच एक तोटाही आहे. जे खाली जात नाही ते वरच राहते, आणि वरचा थर म्हणजे मुले ज्यावर खेळतात तो थर. शिवाय जेथे बॅटरीचे आम्ल सांडते, तेथे मातीचा हा गुण दुबळा होतो आणि शिसे हालू लागते. मेथी, पालक अशा भाज्यांच्या पानांवर धूळ बसते. मुळा आणि गाजर यांच्या सालीला माती चिकटते. तेथूनही शिसे ताटात येऊ शकते.

मुलांनो, शिशाचा सर्वांत मोठा आघात तुमच्या वयाच्या आणि तुमच्याहून लहान भावंडांच्या शरीरावर होतो. याला कारणे आहेत. रांगणारे मूल हात मातीत घालते आणि तोच हात तोंडात घालते. मोठ्या माणसाच्या पोटात जेवढे शिसे गेले, तेवढेच लहान मुलाच्या पोटात गेले, तर मुलाचे शरीर त्यातील चार ते पाच पट अधिक भाग शोषून घेते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते आणि त्याला हाडांत व दातांत साठवून ठेवते. रक्तातील शिसे काही आठवड्यांत कमी होऊ लागते. पण हाडांतील शिसे वीस-वीस वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ तेथे राहते. पुढे मुलगी मोठी होऊन आई झाली, म्हणजे तिच्या हाडांतील शिसे रक्तात उतरते आणि पोटातील बाळापर्यंत जाते.

शिसे मेंदूच्या वाढीत विघ्न आणते. हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन डॉक्टरांनी हे मोठ्या युक्तीने दाखवून दिले. दात हे शरीरात गेलेल्या शिशाची जणू नोंदवहीच असते, हे जाणून त्यांनी शाळेतील दोन हजारांहून अधिक मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. ज्या मुलांच्या दातांत शिसे अधिक होते, ती वरून निरोगी दिसत होती. परंतु बुद्धीच्या चाचण्यांत ती मागे पडत आणि वर्गात त्यांचे लक्ष लागत नसे. हा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलाला आपण आळशी किंवा मंद म्हणून बोल लावतो, त्याचा अपराध कदाचित काहीच नसतो, ही गोष्ट त्यामुळे जगाच्या ध्यानात आली.

दुखणे दिसते तेव्हा लोक जागे होतात. २०२५ सालच्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत अनेकांचे केस अचानक गळू लागले. ही बातमी देशभर पसरली. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ गावांत आले. त्यांनी रक्त, पाणी आणि माती यांचे नमुने नेले, आणि अनेकांच्या रक्तात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले. सेलेनियम निराळे आणि शिसे निराळे. तथापि त्या घटनेतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. केस गळाले ते सर्वांना दिसले, म्हणून तपासणी झाली. शिशाने मात्र केस गळत नाहीत, अंगावर फोडही येत नाहीत. ते गुपचूप काम करते. म्हणून रक्त आणि माती यांची तपासणी केल्यावाचून त्याचा पत्ता लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली असे सांगितले, की एक डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे आढळल्यास ते कोठून येते याचा शोध घेऊन ते थांबवावे. त्याहून कमी शिसे निर्धोक असते, असेही त्या संघटनेचे म्हणणे नाही. २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात एवढे किंवा याहून अधिक शिसे आहे. म्हणजे दर तीन मुलांमागे एक मूल झाले.

बॅटरीच्या शिशाने मातीचे विष कसे होते, याचे अत्यंत दुःखद उदाहरण आफ्रिका खंडातील सेनेगल देशात घडले. राजधानी डाकारजवळ थिआरॉय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तेथे कित्येक वर्षे जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडल्या जात. २००७ साली जगाच्या बाजारात शिशाचा भाव फार चढला. वस्तीतील वाळूतच शिशाचे कण मिसळलेले आहेत, हे ध्यानात येताच लोकांनी ती वाळू खणली, पोत्यांत भरून घरी नेली आणि चाळण्या लावून चाळली. चाळताना उडालेली धूळ घराघरांत भरली. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या पाच महिन्यांत तेथील १८ मुले मरण पावली. त्यांच्या भावंडांचे रक्त तपासले, तेव्हा कमीत कमी शिसेही डेसिलिटरला सुमारे ४० मायक्रोग्रॅम भरले. आयांनी चाळली ती वाळू दोन पैसे मिळावेत, मुलांना पोटभर अन्न मिळावे, याच हेतूने चाळली होती. अज्ञानाची किंमत किती मोठी असते, हे यावरून दिसते.

अशी बिघडलेली माती सुधारता येते काय? येते, परंतु ती सुधारणे म्हणजे शिसे नाहीसे करणे नव्हे. ते तर कोणालाच साधत नाही. त्याला माणसांपासून दूर नेणे, झाकून टाकणे किंवा बांधून ठेवणे, एवढेच आपल्या हाती असते.

प्रथम काम थांबवावे लागते; नाही तर एकीकडे माती साफ होते आणि दुसरीकडे पुन्हा मळते. मग मातीची मोजणी करतात. क्ष-किरणांवर चालणारे हातात धरण्याजोगे एक उपकरण मातीवर टेकवले, की शिशाचे प्रमाण थोड्याच वेळात कळते. कोठे किती शिसे आहे याचा नकाशा तयार झाला, म्हणजे अधिक बिघडलेला वरचा थर खरवडून काढतात. हे करताना मातीवर पाणी शिंपडतात, म्हणजे धूळ उडत नाही. काढलेली माती नदीकाठी किंवा माळावर टाकून चालत नाही. ती तळाशी आणि बाजूंना अभेद्य अस्तर लावलेल्या खड्ड्यातच ठेवावी लागते. असा घातक कचरा ठेवण्याची व्यवस्था विदर्भात नागपूरजवळ बुटीबोरी येथे आहे. उघड्या पडलेल्या जागेवर जाड कापड अंथरून वर स्वच्छ मातीचा थर देतात, किंवा फरशी घालतात. शेवटी घरे धुऊन काढतात. येथे कोरडा झाडू उपयोगी नाही. त्याने धूळ पुन्हा उडते. ओल्या फडक्यानेच जमीन, खिडक्या आणि भांड्यांच्या फळ्या पुसाव्या लागतात.

शिसे बांधून ठेवण्याची एक युक्ती मोठी मौजेची आहे. हाडांत फॉस्फेट असते. ते शिशाशी संयोग पावले, की असे एक कठीण खनिज बनते, जे पाण्यात विरघळत नाही आणि पोटातही फारसे शोषले जात नाही. अमेरिकेतील ओकलंड शहराच्या एका वस्तीत २०११ च्या सुमारास माशांच्या हाडांची पूड मातीत मिसळून हा उपाय करण्यात आला. मोहरीसारख्या वनस्पतींनी मातीतील धातू शोषून घ्यावेत, असेही प्रयोग झाले आहेत. परंतु शिसे मातीला घट्ट चिकटून असल्यामुळे हा मार्ग फार मंद आहे. शिवाय ते पीक गुरांना घालता येत नाही, त्यालाही घातक कचराच समजावे लागते.

या खटाटोपाचे फळ मिळते काय, असा प्रश्न साहजिक आहे. बांगलादेशातील एका वस्तीत बॅटऱ्या वितळविण्याची जुनी ठिकाणे अशाच रीतीने साफ करण्यात आली. सुमारे एका वर्षानंतर मुलांचे रक्त पुन्हा तपासले, तेव्हा त्यातील शिसे सरासरीने एक तृतीयांशाइतके कमी झाले होते. ही मोठीच गोष्ट आहे. पण उरलेले दोन तृतीयांश हाडांतून आणि इतर मार्गांनी रक्तात येतच होते, हेही विसरता कामा नये. जी हानी एका दुपारी होते, ती भरून काढण्यास अनेक वर्षे, पुष्कळ द्रव्य आणि अनेक माणसांचे श्रम लागतात. आणि तरीही ती सगळी भरून निघत नाही.

म्हणून खरा उपाय मातीत नसून बॅटरी आपल्या हातून निघते त्या क्षणात आहे. भारतात २००१ साली आणि पुन्हा ऑगस्ट २०२२ मध्ये याविषयी नियम झाले. नव्या नियमांनी बॅटरी बनविणाऱ्यांवर जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचे योग्य पुनश्चक्रीकरण करविण्याची जबाबदारी टाकली. ती घरच्या कचऱ्यात न टाकता नोंदणी झालेल्या ठिकाणी पोचविणे, हे वापरणाऱ्याचे कर्तव्य ठरविले. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराला अखंड परत द्यावी आणि तिची किंमत नव्या बॅटरीच्या दरातून वजा करून घ्यावी, ही रीत सर्वांत सोपी. दोन पैसे अधिक मिळतात म्हणून ती फोडणाऱ्याच्या हाती देणे, म्हणजे स्वस्तात विकून महागात घेणे होय.

लहान मुलांनाही करण्याजोगे पुष्कळ आहे. जुनी बॅटरी उघडून पाहण्याचा मोह टाळावा. पादत्राणे दाराबाहेर ठेवावीत आणि बाहेरून आल्यावर हातपाय धुवावेत, ही आपल्या घरांतील जुनी शिस्त येथे फार उपयोगी पडते. जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. भाज्या धुऊन घ्याव्यात. दूध, तीळ, हरभरे, हिरव्या पालेभाज्या असे कॅल्शियम आणि लोह देणारे अन्न खावे. कारण ज्या शरीराला हे पुरेसे मिळते, ते शिसे कमी शोषते. आणि आपल्या गावात कोठे बॅटऱ्या फोडून वितळविल्या जात असतील, तर ते शिक्षकांना आणि घरच्या वडीलधाऱ्यांना सांगावे. ग्रामपंचायत आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे तक्रार करण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. मात्र ते काम करणाऱ्या माणसाचा तिरस्कार करू नये. त्याला दुसरा रोजगार मिळाला आणि खरे काय ते कळले, तर तोही आपल्या मुलांसाठी हे काम सोडील.

पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती आपल्या आजोबा-पणजोबांनी नांगरली आणि ती जशी होती तशी आपल्या हाती दिली. तिच्यात आपण जे टाकू, त्यातील बरेचसे ती पचवील आणि त्याचे अन्न करून परत देईल. शिसे मात्र ती पचवू शकत नाही. ते नष्ट होत नाही. त्याची केवळ जागा बदलते. ती जागा बंद पेटीत असावी की मुलांच्या हाडांत, हे ठरविणे माणसाच्या हाती आहे.